शेळी देऊन आणलेली गिटार

सलगर भाऊजींना निवांत बसलेलं बघितलंय, असं सांगणारा माणूस अख्ख्या कळंबात सापडायचा नाही. मोटारसायकलवरचं बसणं बसण्यात धरत नाहीत, म्हणून ते सोडून देऊ. बाकी माणूस सदा उभा. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, साहेबाची बोलणीसुद्धा उभ्यानं. जेवायला तेवढे खाली टेकायचे, तेही एक गुडघा वर ठेवून, आणि ताटातला शेवटचा घास तसाच टाकून उठायचे. बशीत चहाचा शेवटचा घोट उरलेला असायचा. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी मांडवाबाहेर, पंगत बसायच्या आधी घरी. कुठल्याही गोष्टीच्या शेवटाला हा माणूस हजर नसायचा. त्यांच्याजवळ थोडा वेळ थांबलं तरी आपलेही पाय वळवळायला लागायचे.

आता मी धाराशिवला राहते. इथल्या फ्लॅटच्या भिंती जाड आहेत, पलीकडून काही म्हणता काही ऐकू येत नाही. वह्या तपासायला अशी शांतता मिळावी म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली. ती मिळाली, आणि माझं वह्यांतलं लक्ष उडालं. मधेच पेन खाली ठेवते आणि भिंतीकडे बघत बसते.

सलगरांची आणि आमची ओळख भिंतीतूनच झाली. मी शाळेत गणित शिकवते. कळंबला बदली झाली तेव्हा बाजार समितीच्या मागच्या गल्लीत घर मिळालं. एकच ओटा, त्याला लागून दोन घरं, मधे एक पातळ भिंत. एका घरात आम्ही, दुसऱ्यात सलगर. सामान लावून होत नाही तोच पलीकडून गिटार सुरू झाली. सोयाबीनच्या पोत्यांचे ट्रक, वरातीचा डीजे, बँजो हे सगळं मी धरून चालले होते. गिटार काही धरली नव्हती. चाल गोड होती. हळूहळू चढत जायची, एक वळण घ्यायची, आता कुठंतरी पोचणार असं वाटायचं आणि तिथंच तुटायची. मग पावलं वाजायची, मग मोटारसायकलची किक. थोड्या वेळानं परत सुरू आणि परत त्याच जागी बंद. अर्धवट सोडलेलं उदाहरण मला फळ्यावर सहन होत नाही, इथं तर ते कानात शिरून बसलं. शेवटी मी वही बंद केली आणि ओट्यावरून त्यांच्या दारात गेले.

ते दारातच उभे होते. उजवा पाय उंबऱ्याच्या आत, अनवाणी. डावा पाय बाहेर, चपलेत. गळ्यात गिटार आणि तिची काळी वायर आत कुठंतरी गेलेली. उंच, हाडकुळा माणूस, शर्टाच्या खिशाला पेन, आणि डोळे सारखे रस्त्याकडे.

"वाजवा, पण पुरतं तरी वाजवा," मी म्हणाले. नव्या शेजारणीनं पहिल्याच दिवशी एवढं तोंड उघडायचं नसतं, पण माझा स्वभाव आहे.

आतून त्यांच्या बायकोचा, कलाताईंचा आवाज आला. "बाई, तुमी आज आलाव. म्या लगीन झाल्यापासनं हेच म्हणायलेय!"

"व्हईल की पुरतं. घाई काय हाय?" भाऊजी म्हणाले. गिटार खुंटीला अडकवली, दुसऱ्या पायात चपल सरकवली आणि गेलेसुद्धा. घाई नसलेला माणूस इतक्या घाईनं जाताना मी पहिल्यांदाच बघितला.

नोकरीनं ते पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणायचे. "डॉक्टर न्हाय बाबा, डॉक्टरच्या हाताखालचा," असं ते दर वेळी म्हणायचे, आणि समोरच्याचं उत्तर यायच्या आत गाडी गल्लीबाहेर गेलेली असायची. मूळचे सोनारीकडच्या एका वस्तीवरचे. बाप, आजा सगळे मेंढरांमागं चालत राहिलेले. "आमचं चालणं खानदानी हाय, मॅडम," ते मला सांगायचे. "बसलं की मेंढरं दुसऱ्याच्या रानात." मेंढरं घरातून कधीच गेली होती. चालणं तेवढं राहिलं होतं.

वस्तू तर त्यांच्या हातात टिकतच नसे. मोटारसायकल बदल, घड्याळ बदल, मोबाइल बदल. भूम, वाशी, परंडा, कळंब, बदल्यासुद्धा स्वतः मागून घेतलेल्या. बाजारात गेले की पायातली चपल कुणाशी तरी बदलून येतील अशी भीती. कलाताई म्हणायच्या, "मला तेवढी अदलाबदलीत दिली न्हाय. इचारलं आसंल, कुणी घेतली नसंल." आणि स्वतःच खदाखदा हसायच्या. त्यांचं हसणंही भिंतीतून ऐकू यायचं.

गिटार मात्र कधी बदलली नाही. खरं तर तीही अदलाबदलीतच आलेली. लग्नाआधी भाऊजी बार्शीच्या एका ऑर्केस्ट्रात हौसेनं जायचे. तो ऑर्केस्ट्रा मोडला, गिटारवाला गावाकडं शेती करायला निघाला. त्याच्याकडं दोन गिटारी होत्या. एक काळी, चपटी, चकचकीत. ती सगळ्यांना हवी होती. दुसरी ही, कुणालाच नको असलेली. गिटारवाल्याला घरी एक जनावर हवं होतं. भाऊजींनी वस्तीवरची उस्मानाबादी शेळी सोडून त्याच्या टेम्पोत चढवली आणि ही गिटार खांद्याला लावून घरी आले. त्यांच्या आईनं ती बघितली आणि कपाळावर हात मारला. शेळी गाभण होती. पुढं तिला जुळी करडं झाली, ती बातमी बार्शीमार्गे वस्तीवर आली, आणि मग म्हातारीनं जन्मभर एकच धोशा लावला: "शेळीनं जुळी दिली. हिनं काय दिलं?"

दिसायला ती जुन्या गुळाच्या रंगाची. अंग रुंद, पोट पसरट, पुढच्या बाजूला दोन वळणदार लांबट भोकं. कोपऱ्यांवरचं पॉलिश उडालेलं, मानेवरचं कंपनीचं नाव पुसून गेलेलं. जपानची आहे असं कुणीतरी सांगितलं होतं, तेवढंच. मला तर ती बघून काहीच कळलं नाही. भाऊजींनी गाभण म्हशीच्या कुशीवर थापटावं तशी तिच्यावर थाप मारली.

"ही बगा. मधी भरीव, दोनी कुशी पोकळ. म्हणून हिला कुणी इचारीत न्हाय. ऑर्केस्ट्रावाले म्हणत्यात, मोठ्या स्पीकरपुढं हू करून वरडती. लाकडाची गिटार वाजवणारे म्हणत्यात, हिचा वायरीबिगर आवाज बारका. धड ही न्हाय, धड ती न्हाय. पर घरात ऐका."

त्यांच्याकडं एक लहानसा स्पीकर होता, त्याला ते डबा म्हणायचे. डब्याचा आवाज अगदी कमी ठेवून त्यांनी एक तार छेडली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. तारेचा आवाज आणि लाकडाचा आवाज एकदमच येत होते. जरासा खर्जातला, ऊबदार, कुणीतरी जवळ बसून हळू बोलावं तसा. मग त्यांनी वायरच काढून टाकली. तरी ती वाजत राहिली, त्या खोलीपुरती.

"लाइट गेली तरी हिचं काय अडत न्हाय," ते म्हणाले. मग अर्थातच बाहेर कुणाची तरी गाडी थांबली आणि ते गेले.

मी एकदा त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनाला आणलं. ते नको नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही. एवढं चांगलं वाजवतो माणूस, चार लोकांना कळायला नको? मांडवात माझ्या उंचीचे दोन स्पीकर होते. भाऊजींनी पहिली तार छेडली आणि गिटारनं जो टाहो फोडला, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानावर हात ठेवले. त्यांनी बटणं फिरवली, दोन पावलं मागं सरले, पुढं आले, पाठ फिरवून बघितली. तशातच चाल सुरू केली, नेहमीच्या जागी आले, थांबले, वायर काढली आणि व्यासपीठावरून सरळ गेटबाहेर. पोरांना वाटलं कार्यक्रम असाच असतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक मला विचारत होते, "मॅडम, ते परत येणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी ओट्यावर भाऊजी म्हणाले, "मांडवात न्हेली की बिथरती ती. घरातली हाय. तिचं काय चुकलं न्हाय." माझं चुकलं असंही ते म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

खंडेनवमीचा प्रसंग मात्र मी कधीच विसरणार नाही. त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं पाटावर मांडून पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सलगरांच्या पाटावर विळी, कुऱ्हाड, भाऊजींची औषधाची पेटी, मोटारसायकलची किल्ली आणि मधोमध गिटार. किल्लीसुद्धा पाटावर गेल्यामुळं भाऊजी सकाळपासून ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. त्यांची आई वस्तीवरून आली होती. नव्वारीचा काष्टा, हातात भंडाऱ्याची पिशवी. धनगराच्या घरात ढोलावर भंडारा टाकल्याशिवाय ढोल वाजत नाही. म्हातारीनं विळीला बोट लावलं, कुऱ्हाडीला लावलं, पेटीला लावलं. गिटारपाशी आली आणि थबकली.

"आतनं पोकळ हाय नव्हं ही? ढोलावानी?"

"व्हय, पर..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. त्या दोन भोकांतून तिनं मुठीनं भंडारा आत सोडला. एक मूठ या भोकात, एक मूठ त्या भोकात. वर हातानं थापटून गिटार हलवली, सगळीकडं नीट बसावा म्हणून.

मी तोंडावर पदर घेतला. कलाताई तर हसून हसून भिंतीला टेकल्या. भाऊजी उंबऱ्यात उभे, तोंड उघडं, हात पुढं आलेला, पण पाटावरच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून हवेतच थांबलेला.

"आई, आत वायरी हायत गं!"

"आसू दे की. देवाला आत जायला वाट नको व्हय?" म्हातारी म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

त्यानंतर त्या गिटारचं बटण फिरवलं की डब्यातून खर्रकन आवाज यायचा. भाऊजी म्हणायचे, "आई खाकरली." गिटार उलटी केली की चिमूटभर पिवळा भंडारा बाहेर पडायचा, कितीही वेळा केली तरी. पुढं म्हातारी गेली. बार्शीचा एक जुना वाजवणारा भेटायला आला होता. तो म्हणाला, खोलून साफ करून देतो, खरखर जाईल. भाऊजींनी गिटार त्याच्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. आईला कशाला भाईर काडतो?" त्या दिवशी त्यांनी ती बराच वेळ पुसली. मग चाल सुरू केली आणि नेहमीच्या जागी सोडून दिली.

ती चाल त्यांची स्वतःची होती. लग्न ठरलं तेव्हा कलाताईंसाठी बसवायला घेतलेली. शेवट तेवढा राहिला होता. "बसवतो की" म्हणता म्हणता डोक्याचे केस पांढरे झाले.

एकदा मात्र मी त्यांना शेवटपर्यंत थांबलेलं बघितलं. आमच्या मागच्या खवेवाल्याची म्हैस अडली होती. रेडकू आडवं आलेलं. भाऊजी दुपारी तिथं गेले ते दिवेलागणीपर्यंत हलले नाहीत. खांद्यापर्यंत हात आत, कपाळावर घाम, फोन गोठ्याच्या कट्ट्यावर वाजून वाजून बंद पडलेला. म्हशीशी अखंड बोलत होते. रेडकू बाहेर आलं, त्यानं मान हलवली, तेव्हाच ते मागं सरले. मी विचारलं, "इथं बरे थांबलात?"

हात धुता धुता म्हणाले, "हितं शेवट आपल्या हातात नसतोय, मॅडम. रेडकू येतंय तवा येतंय, आपण फक्त संगं ऱ्हायाचं. गाण्याचा शेवट आपल्यालाच करावा लागतोय. आन् केला की झालं. मग काय ऱ्हायलं?"

मला वाटलं, आळशी माणसाचं तत्त्वज्ञान. तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

मग एका वर्षी भिंतीपलीकडचा आवाज वाढायला लागला. आधी थोडा, मग आणखी. डब्याचा आवाज इतका मोठा की आमच्या मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या. मी चिडून गेले. कलाताई चुलीशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता आणि त्या शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या. मी हाक मारली. परत मारली. खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळल्या. मी भांडायला गेले होते, कुकर उतरवून परत आले.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानातली बारीक हाडं धरत चाललीत, आतली नस चांगली आहे, पण बाहेरचा आवाज तिथवर पोचत नाही. ऑपरेशन करून बघता येईल, पण खात्री नाही. कलाताईंनी ऑपरेशनला साफ नकार दिला. कानाचं मशीन आणलं, ते चार दिवसांत फडताळात गेलं. "ते घातलं की भांडी ऐकू येत्यात, माणूस न्हाय," त्या म्हणाल्या. त्या आता मोठ्यानं बोलायच्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. हसणं मात्र कमी झालं. भिंतीतून हसणं येईना तेव्हा मला ते जास्त कळलं.

एका दुपारी ओट्यावर शेंगा निवडताना त्या मला म्हणाल्या, "बाई, मला दुसरं काय नको. ते येक गाणं पुरतं ऐकायचंय. कान हायत तवर."

हे त्यांनी भाऊजींनाही सांगितलं होतं. आणि भाऊजींनी काय केलं? गिटारला हात लावणंच सोडलं. पहाटे बाहेर, दुपारी बाहेर, फोन आला नाही तरी बाहेर. आधी गावात पळायचे, आता तालुकाभर पळायला लागले. गिटार खुंटीवर. मोटारसायकल पुन्हा बदलली. परत बदलीचा अर्ज करायच्या गोष्टी सुरू झाल्या. मला इतका संताप आला की एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मी त्यांची गाडीच अडवली.

"भाऊजी, ती बाई काय मागतेय तुमच्याकडं? सोनं मागतेय का? म्हशीजवळ दिवस घालवता आणि बायकोजवळ बसवत नाही?"

त्यांनी गाडी बंद केली नाही. मला वाटलं, निघून जातील.

"म्या आयुष्यभर पुडं पुडं ढकललं, मॅडम," ते म्हणाले. "आता शेवट केला, बसून पुरतं वाजवलं, आन् तिला ऐकूच न्हाय आलं तर? मंग काय करू म्या? आता निदान पुरं व्हायचं ऱ्हायलंय, म्हणून तर गाणं हाय."

इंजिन धडधडत होतं. मला गणिताशिवाय दुसरं काही येत नाही हे त्या दिवशी फार जाणवलं. मी बाजूला झाले.

त्यानंतर काही आठवड्यांनी, संध्याकाळी लाइट गेली होती. मी ओट्यावर होते, कलाताई त्यांच्या दारात खाली बसून ज्वारी पाखडत होत्या. भाऊजी कुठूनतरी आले. काय मनात आलं कोण जाणे, गिटार काढून गळ्यात घातली आणि उंबऱ्यात उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर चपलेत. डबा बंद होता, वायर नव्हती. नुसत्याच तारा छेडत होते. तेवढ्यात फोन वाजला आणि ते निघाले, गिटार गळ्यातच.

कलाताईंनी सूप टाकलं आणि बसल्या जागेवरून हात वर करून गिटारच धरली, दावं तोडून पळणाऱ्या वासराला धरावं तशी. एक हात तिच्या मानेला, एक पंजा पाठीला. "कुटं निगालाव आता?" असं मोठ्यानं म्हणाल्या आणि गिटारच्या पाठीवरच्या आपल्या पंजाकडं बघायला लागल्या. धरताना तारा वाजल्या होत्या.

"आवो. बोटं हलवा."

"आँ?"

"हलवा म्हणते ना!"

भाऊजींनी एक तार छेडली. कलाताईंचा पंजा गिटारच्या पाठीवर तसाच होता. मग त्यांनी भाऊजींना हातानं खाली ओढलं, डोकं वाकडं केलं आणि कानामागचं हाड गिटारच्या कडेला टेकवलं.

"आता."

त्यांनी दुसरी तार छेडली. कलाताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. हरवलेली वस्तू स्वतःच्याच कमरेला सापडावी तसं काहीतरी.

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "ही माज्या डोस्क्यात वाजायलीय."

भाऊजी गुडघ्यावर अवघडून वाकलेले. उठता येईना, कारण बायकोचं डोकं गिटारवर. त्यांनी चाल सुरू केली. नेहमीच्या जागेपर्यंत आले आणि थांबले. कलाताईंनी डोकं न उचलता विचारलं, "पुडं?"

"उद्या," ते म्हणाले. एवढ्यात लाइट आली आणि गल्लीतले सगळे टीव्ही एकदम बोलायला लागले.

त्या दिवसापासून भिंतीतून मला काहीच ऐकू येईना. डबा बंद, वायर बंद. मी भिंतीला कान लावायची. पलीकडं नुसती शांतता. वाटलं, या माणसानं परत टांग दिली. विचारायचा धीरही होईना, कारण भाऊजी कधी समोर आलेच तर डोळे चुकवून जायचे. कलाताईही काही सांगायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. त्यातच माझी बदली धाराशिवला झाली आणि आवराआवरीत मला कशाचं भान राहिलं नाही.

निघायच्या दिवशी टेम्पो गल्लीत येऊन थांबला. सामान चढलं. टेम्पोचं इंजिन घरघरत होतं, माझे यजमान ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न वाजवायला लावत होते. माझ्याकडं कलाताईंची एक वाटी राहिली होती. रिकामी वाटी परत द्यायची नसते म्हणून तिच्यात साखर घातली आणि निरोप घ्यायला ओट्यावरून निघाले.

आणि थांबले. सलगर भाऊजी बसले होते.

उंबऱ्याच्या आत, जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. डावा पाय तेवढा लांब करून उंबऱ्याबाहेर काढलेला, चपलेसकट. तो पाय हलत होता, निघायच्या तयारीत असावा तसा. मांडीवर गिटार. तिच्या वरच्या कडेला कलाताईंनी कान टेकवलेला, डोळे मिटलेले. शेजारी फरशीवर फोन वाजत होता आणि थरथरत पुढं सरकत होता. कलाताईंना तो ऐकू येत नव्हता. भाऊजींना येत होता. त्यांनी त्याच्याकडं एकदा बघितलं, मग परत तारांकडं.

टेम्पोच्या घरघरीत मला गिटारचा एक स्वरही ऐकू येत नव्हता. पण इतकी वर्षं मी ती चाल ऐकली होती, बोटं बघितली होती. डावा हात कुठं असला की गाणं कुठं असतं हे मला माहीत होतं. हात मानेवरून पोटाकडं सरकत चालला. वळणापाशी आला. आता ती जागा. हात थांबला. माझ्या हातातली वाटी कलली, साखर थोडी ओट्यावर सांडली. मागं हॉर्न वाजला.

हात पुढं गेला. मी कधीच बघितला नव्हता इतका पुढं, जवळजवळ गिटारच्या पोटापर्यंत. तिथं थोडा वेळ राहिला आणि मानेवरचं एकेक घर सोडत हळूहळू मागं आला. शेवटची जाड तार त्यांनी अंगठ्यानं छेडली आणि हात बाजूला घेतला. कलाताई तशाच होत्या. ती तार थरथरायची थांबल्यावरच त्यांनी डोकं उचललं. कानाच्या पाळीला आणि गालाला पिवळा भंडारा लागला होता.

"संपलं व्हय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. एवढं मात्र टेम्पोच्या आवाजातूनही मला ऐकू आलं.

भाऊजींनी मान हलवली.

"लई बारका हाय की शेवट. एवढ्यासाठी जलम घालवलाव?" त्या म्हणाल्या आणि हसल्या, पूर्वी भिंतीतून यायचं तेच हसणं. मग पदरानं डोळे पुसले आणि परत कान टेकवला. "लावा परत. पैल्यापासनं."

फोन पुन्हा वाजायला लागला. मी वाटी ओट्यावरच ठेवली, हाक मारली नाही. भाऊजींनी मोटारसायकलकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग पायानंच पायातली चपल सोडली आणि पाय उंबऱ्याच्या आत घेतला.